फाळक्याच्या बिजागऱ्या

लोखंडाला लोखंड जोडण्यात कृष्णनाथाची सगळी हयात गेली, पण बंदुकीसाठी कपाट करायची पाळी आपल्यावर येईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. खाणी जोरात होत्या तेव्हा तो गोव्यात डिचोलीच्या बाजूला एका खाणीच्या वर्कशॉपात वेल्डर होता. खाणी बंद पडल्या तसं त्याने सर्वणच्या घरामागच्या मांगरात, पूर्वी जिथे गुरं बांधत तिथे, स्वतःचं मशीन लावलं. कुणाचं गेट, कुणाच्या खिडकीचे गज, कुणाच्या तुळशीला कठडा, असली बारीकसारीक कामं येत. बायको गेल्यापासून तो भावाच्याच पंगतीला होता, तेव्हा पोटाची चिंता नव्हती. चिंता होती ती भावाची.

थोरला भिकाजी उभ्या गावात नेमबाज म्हणून नावाजलेला. वडिलांची एकनळी बंदूक त्यांच्यामागे त्याच्या नावावर झाली होती, रानडुकरांपासून शेत राखायला सरकार देतं तसल्या परवान्यावर. दिवसा स्वतःचा खनिजाचा ट्रक चालवायचा आणि भात पिकायला आलं की संध्याकाळी बंदूक घेऊन बांधावर बसायचं, असा त्याचा शिरस्ता. दसऱ्याला ट्रक आणि बंदूक दोघांनाही एकाच ताटातलं कुंकू लागायचं. ट्रक खाणींबरोबर बसला आणि शेवटी भंगारात गेला. बंदूक तेवढी उरली, आणि नेमकं त्याच सुमाराला भिकाजीचं डोकं त्याला दगा देऊ लागलं.

सुरुवातीला सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. जेवून उठलेला माणूस पुन्हा पाटावर येऊन बसे, सुलोचनेने पुन्हा वाढलं नाही की रुसे. ती बिचारी नवऱ्याची समजूत घालता घालता स्वतःच रडकुंडीला येई. कधी तो कृष्णनाथाला 'मिस्त्री' म्हणून हाक मारी आणि ट्रकचा पाटा तुटलाय, लवकर जोडून दे म्हणून घाई करी. कृष्णनाथही 'व्हय, करतंय' म्हणे. ट्रक नाही, पाटा नाही, पण भावाचं समाधान होई.

मग काजूच्या हंगामात ती गोष्ट घडली. उन्हं कलली होती. शेजारची गंगा काजूच्या झाडांखाली वाकून बोंडू गोळा करत होती, अंगावर काळपट लुगडं. भिकाजीने बांधावरून ते हलणारं काळं बघितलं आणि बंदूक खांद्याला लावली. कृष्णनाथ योगायोगाने मागे होता. त्याने झेप घालून नळी वर ढकलली, बार पानांत गेला आणि वरून चार बोंडू खाली पडले. गंगा ताठ उभी राहिली आणि हसून ओरडली, "गावलो काय ओ दुकर, भिकादादा?"

"चुकलो," भिकाजी म्हणाला.

गंगेला आजतागायत काही कळलं नाही. कृष्णनाथ मात्र तिथेच बांधावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. त्या बाईच्या घरी नातवंडं होती, त्यांच्या बारशाला हे दोघे भाऊ जेवून आले होते.

त्याच दिवशी त्याने काडतुसं आपल्या ट्रंकेत टाकली. पण भिकाजीच्या ओळखी दांडग्या. पार मांद्र्यापर्यंत त्याचे शिकारीतले दोस्त, एखादा सहज हातावर दोन काडतुसं ठेवील. सुलोचनेला त्याने काय झालं ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "भावजी, पोलिसांत दिवन मोकळे होया."

म्हणणं रास्त होतं. पण निवडणूक आली की गावच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, तेव्हा भिकाजीची काय दशा होते ते दोघांनीही बघितलं होतं. तो माणूस रिकाम्या खुंटीकडे बघत जेवायचा. तेव्हा तर डोकं ठिकाणावर होतं. ट्रक गेला, आठवण चालली, आता वडिलांची बंदूकही काढून घेतली तर त्याच्यात भिकाजी म्हणून उरणार काय? मारायला उठलेली वस्तू घरात ठेवायची आणि भावालाही मोडू द्यायचं नाही, अशा कात्रीत कृष्णनाथ सापडला. त्यातून त्याला जे सुचलं ते वेल्डरलाच सुचावं. पोलादाचं कपाट करायचं, भिंतीत घट्ट बसवायचं आणि किल्ली आपल्याकडे ठेवायची.

भावाला त्याने थाप मारली. "दादा, नवीन नियम इलो. बंदूक आर्मारात बंद ठेवूक होयी. चोर इले तर?"

"चोर?" भिकाजीने विचारलं. मग त्याने खुंटीवरच्या बंदुकीकडे बघितलं. "कर तर मगे. पण बरां कर."

पत्रा विकत आणायची गरज नव्हती. ट्रक भंगारात गेला तेव्हा त्याच्या हौद्याचा धड राहिलेला पत्रा कृष्णनाथाने कापून ठेवला होता. का ठेवला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो मांगरात उभा केला, घासला, तरी सांध्यांतून लाल माती येतच राहिली. खाणीची माती चिवट, माणसाच्या नखांतूनसुद्धा वर्षानुवर्षं जात नाही.

भिकाजी रोज खुर्ची घेऊन मांगरात येऊन बसू लागला. ठिणग्या उडायला लागल्या की तोंड फिरवायचा, एरवी नुसत्या सूचना. इथे अँगल दे, तिथे कोपरा सरळ नाही. वेल्डिंग आपण जन्मात शिकलो नाही याची त्याला फिकीर नव्हती. एकदा पत्र्यावरच्या पोच्यावर त्याने हात फिरवला. "ह्यो साकवावरचो. समोरच्यान बाजूक घेतल्यान नाय म्हणान." असल्या दिवशी तो अगदी पूर्वीचा होता, आणि कृष्णनाथाला आपण घरातल्याच माणसासाठी सापळा लावतोय असं वाटून काम नकोसं व्हायचं. दुसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा 'मिस्त्री' म्हणे, की हात पुन्हा चालू लागत.

आत बंदूक उभी राहायला लाकडी खाच केली, तिला जुन्या घोंगडीचं अस्तर लावलं. पावसाळ्यात बंद लोखंडाला आतून घाम फुटतो म्हणून खाली-वर हवेला भोकं ठेवली. कुलूप चांगल्यातलं बसवलं. राहिल्या बिजागऱ्या. बाजारच्या बिजागऱ्या कृष्णनाथाला खेळण्यातल्या वाटत. ट्रकच्या मागची उघडणारी फळी, तिला फाळका म्हणतात, तिच्या बिजागऱ्या त्याने वर्कशॉपात जन्मभर जोडल्या होत्या. टनावारी खनिजाचा भार सोसणाऱ्या. भंगारातून तसल्याच दोन काढून त्याने दाराला लावल्या, दार उघडझाप करून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाला. हत्ती आणला तरी हलणार नाही.

"झालां?" भिकाजीने विचारलं.

"झालां. आता कुलूप घालून बघ, खेच."

भिकाजीने दार खेचलं नाही. तो उठला, कृष्णनाथाची हातोडी घेतली, एक गजाचा तुकडा घेतला, आणि खालच्या बिजागरीच्या पिनेला खालून दोन ठोके दिले. पिन टुणकन वर आली. तसेच दोन वरच्या पिनेला. मग बिजागरीच्या बाजूने त्याने दार ओढलं आणि ते कुलपासकट बाजूला झालं. फाळक्याची पिन काढण्यासाठीच असते, अडकलेला फाळका काढून टाकता यावा म्हणून. कृष्णनाथ जोडणारा, त्याने ती नेहमी घातली होती. काढायचा तो भिकाजी.

कृष्णनाथाचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांचा वेल्डर, आणि पिना बाहेर ठेवल्या!

"चोराक ह्यां म्हायत नसता," भिकाजी शांतपणे म्हणाला. "ह्यां म्हायत माका. आणि सर्वणात चोर खंयसून येतलो रे किस्ना? ह्यां तू माज्यासाठी केलंस."

भिकाजी खुर्चीत बसला. हातोडी मांडीवर होती.

"काजीत ती गंगा होती, मा?"

"व्हय."

"माका दुसऱ्या दिशी कळलां. मगे इसारलंय. मगे परत कळलां." तो पिनेकडे बघत बोलत होता. "दर बारी नवीनच कळता रे."

इतके दिवस भावाला नकळत आपण हे ओझं वाहतोय असं कृष्णनाथ समजत होता. आणि हा माणूस तेच ओझं पुन्हा पुन्हा पहिल्यापासून उचलत होता. कृष्णनाथाचे डोळे भरून आले. वेल्डिंगची काच हातात होती, ती त्याने उगाच तोंडापुढे धरली.

"नको ठेवूया, दादा. दिवन टाकूया पोलिसांत."

"बापाशीची बंदूक. मी आसय तोवर घरातसून जावची नाय. पण माज्या हातात पण नको." भिकाजीने हातोडी खाली ठेवली. "किल्ली खंय ठेवतलंस तां माका सांगा नको. मागलंय तरी दिव नको. शिवी घातलंय, मारूक इलंय, तरी दिव नको. आज शुद्धीत सांगतंय, मगे जां काय बोलान तां माजां नाय."

"बरां."

"आणि ही पिन. डोक्यातसून सगळां जातला, पण हातातसून ह्यां जावचां नाय. हात येवन काढतलो." त्याने हात पुढे केला. "होल्डर दी हंय."

"मी मारतंय पिनेक टाको."

"नाय. मीच मारतंय."

कृष्णनाथाने पिना परत घातल्या, भावाच्या तोंडापुढे काच धरली आणि होल्डर त्याच्या हातात दिला. रॉड चिकटला, सुटला, पुन्हा चिकटला. पिनेचं डोकं आणि बिजागरीची कडी यांच्यावर लोखंडाचा एक वेडावाकडा ओघळ तयार झाला, नंतर दुसऱ्या पिनेवर दुसरा. वर्कशॉपात असलं काम कुणी केलं असतं तर कृष्णनाथाने त्याला हाकलून दिलं असतं. वरची खपली त्याने हळू हातोडीने उडवली. ग्राइंडर शेजारीच होता, पण त्याने तो लावला नाही. तसाच रंग दिला.

पावसाआधी कपाट मधल्या खोलीत भिंतीला बसलं. बंदुकीला तेल लावून भिकाजीने ती स्वतः आत उभी केली, दार लोटलं आणि पाठ फिरवली. किल्ली कृष्णनाथाने कुठे ठेवली ते त्याने सुलोचनेलाही सांगितलं नाही.

चतुर्थी झाली. भात पोटरीला आलं आणि डुकरांनी वाट धरली. तोवर भिकाजीचे बरे दिवस फार विरळ झाले होते. एका सकाळी, पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल भोंपू वाजवत नुकतीच पुढे गेली होती, तो बांधावरून तणतणत आला. खालच्या मळीतल्या भातात डुकरांनी नुसता धिंगाणा घातला होता.

"किल्ली खंय? कोणी चोरल्यान किल्ली?"

सुलोचनेने पाव पुढे केला, चहा पुढे केला. कृष्णनाथ आला तेव्हा भिकाजीने त्याची गचांडी धरली. चोर म्हणाला, बापाच्या मालावर डोळा ठेवणारा म्हणाला, आणि त्यापुढचं सुलोचनेसमोर म्हणू नये ते म्हणाला. 'तां माजां नाय,' कृष्णनाथ मनात घोकत राहिला. पण भावाच्याच आवाजात येणारं ते सगळं, लागायचं ते लागलंच. त्याने किल्ली दिली नाही.

भिकाजी त्याला ढकलून मांगराकडे गेला आणि हातोडी आणि गज घेऊन परत आला. सुलोचना आडवी जायला निघाली. कृष्णनाथाने तिला हाताने थांबवलं.

भिकाजी कपाटासमोर उकिडवा बसला. बोटांनी पिन शोधली, गज बरोबर जागेवर लावला. पहिला ठोका, दुसरा ठोका. मग आणखी, जोराने. पिन हलली नाही. त्याने गज बाजूला ठेवला आणि अंगठा त्या वेड्यावाकड्या ओघळावरून फिरवला, एकदा खालून वर, एकदा वरून खाली. त्याचा श्वास हळूहळू खाली बसला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "ह्यो टाको कोणी मारलो?"

कृष्णनाथ दारात उभा होता.

"काम वंगाळ आसा," भिकाजी म्हणाला. "पण माणूस शाणो. ज्याणी ह्यो टाको मारलो, तो माका बरो वळखता." त्याने मान वर केली. "कोण तो?"

"माजो थोरलो भाव," कृष्णनाथ म्हणाला.

"बरो आसा मा तो?"

"आसा. बरो आसा."

भिकाजीने मान डोलवली. गुडघ्यावर हात टेकून तो उठला आणि हातोडी कृष्णनाथाच्या हातात दिली.

"तेका सांग," तो म्हणाला, "पिन निघाक नाय."