डाळिंबी की वांगी

आमच्या ह्यांना आयुष्यात दोनच कामं नीट जमली. ब्लॅक अँड व्हाइट फोटो हाताने रंगवणं आणि गप्प बसणं. पहिल्याचे लोक पैसे देत, दुसरं मी फुकटात सोसलं.

गिरगावात एका स्टुडिओत हे तीस वर्षं बसले. लोक लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या माणसांचे फोटो आणत आणि हे कापसाने नि बारीक ब्रशने गालाला लाली लावत, शेल्याला जर लावत. रंग ठरवायची यांची एक रीत होती. कापडाचा तुकडा आणलात तर उत्तम, नाहीतर गिऱ्हाईक सांगेल तो रंग. एकदा केशरबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या आणि म्हणाल्या, फेटा गुलाबी करा. बरोबरचा दीर ओरडतोय, "वहिनी, दादाने जन्मात पांढऱ्याशिवाय फेटा बांधला नाही!" यांनी गुलाबीच केला. मी विचारलं तर म्हणाले, "जयमाला, माणूस तिचं. तिला दिसतो तो रंग."

आणि आमचा स्वतःचा लग्नाचा फोटो? सत्तावन्न सालापासून भिंतीवर काळा-पांढरा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! कारण काय, तर शालू. मी म्हणते माझा शालू डाळिंबी होता, हे म्हणतात वांगी. फोटोत दोन्ही सारखेच काळपट. शालू काढून निकाल लावावा तर तो एकाहत्तर साली मीच बोहारणीला दिलेला. घडीवर विरला होता हो, आणि तिने बदल्यात झाकणासकट स्टीलचं पातेलं दिलं. अजून त्यात दूध तापतं. त्या दिवशी हे काही बोलले नाहीत, पण भांडण निघालं की नुसते पातेल्याकडे बघतात. तेवढ्याने माझं डोकं फिरतं.

पुढे घरोघरी रंगीत फोटो आले, स्टुडिओ बंद पडला आणि आम्ही खांदेश्वरला सिडकोच्या फ्लॅटमध्ये आलो. आठ वर्षं हे गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या बिल्डिंगकडे बघत बसले. "काय बघताय एवढं?" विचारलं की म्हणत, "पिवळा जास्त झालाय." बस्स. माणूस असा मिटत चालला की मला भीती वाटायला लागली. मी मुद्दाम टोमणे मारायची, कारण टोमणा मारला की निदान मान तरी वर करत.

अठ्ठ्याण्णव साली आमच्याच सोसायटीतल्या गीतांजलीने बेल वाजवली. तिशीतली पोरगी, महाप्याला तिची कॉम्प्युटरची छोटी कंपनी, हाताखाली दहा-बारा मुलं. अमेरिकेतून तिच्याकडे एक जुना इंग्रजी सिनेमा रंगवायला आला होता, दरोड्याचा.

"काका, रंग कॉम्प्युटर भरतो, पण कुठला भरायचा ते माणसालाच सांगावं लागतं," ती म्हणाली. "आमच्या मुलांनी बँकेच्या भिंतीला पोपटी लावलाय. मला टेन्शन आलंय."

हे उठले, चपला घातल्या आणि निघाले. अंगात घरातला बनियन. मी जिन्यात धावत जाऊन शर्ट दिला.

त्या दिवसापासून हे बोलायला लागले. खरंच सांगते, बोलायला लागले! संध्याकाळी आले की चहाबरोबर सिनेमा सुरू. पाच चोर, एक तिजोरी आणि एक बाई. बाई पाचही जणांना एकमेकांत झुंजवते आणि स्वतः माल घेऊन पसार होते.

"तुम्हाला कुठे इंग्रजी कळतं?" मी म्हटलं.

"रंगवताना आवाज बंदच ठेवतो. थोबाडावरून कळतं."

तिजोरीला यांनी आमच्या लोखंडी कपाटाचा रंग दिला. एका चोराच्या कोटाला आमचे सोसायटीचे सेक्रेटरी हौसेराव यांच्या सफारीचा.

"अहो, भल्या माणसाला चोर केलंत?"

"रंग शोभतो त्यांना," हे म्हणाले आणि चक्क हसले.

"आणि बाईच्या झग्याला कुठला दिलात?"

हे बशीत चहा ओतत बसले. मग हळूच म्हणाले, "वांगी."

माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. "मुद्दाम! मुद्दाम केलंत तुम्ही! घरात जिंकता येईना म्हणून अमेरिकेतल्या बाईला नेसवलात होय?"

"शोभतो तिला," म्हणाले, आणि पातेल्याकडे बघितलं.

मी दोन दिवस अबोला धरला. यांना कळलं की नाही देव जाणे.

पंधरा दिवसांनी गीतांजली घरी आली ती तोंड पाडून. अमेरिकेहून फॅक्स आला होता. बाकी सगळं आवडलं, पण बाईचा झगा लाल हवा. बाई लबाड आहे हे प्रेक्षकाला बघताक्षणी कळलं पाहिजे म्हणे. बदला, नाहीतर काम परत पाठवा.

"लाल घातला तर रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सावध होईल," हे म्हणाले. "ती घरंदाज दिसते म्हणून तर पाच बाप्ये फसतात. मी नाही बदलणार."

"काका, तुम्हीच म्हणता ना, गिऱ्हाईक सांगेल तो रंग?"

"गिऱ्हाईक म्हणजे ज्याचं माणूस असतं तो. ही त्यांची कोण लागते? तू दुसरा माणूस बघ, पोरी." आणि हे उठून गॅलरीत जाऊन बसले. त्याच खुर्चीत, त्याच बिल्डिंगकडे तोंड करून.

आता बघा गंमत. लाल म्हणजे जवळजवळ डाळिंबीच की! माझ्या बाजूचा निकाल थेट अमेरिकेहून आला होता. मी पेढे वाटायला हवे होते. पण त्या खुर्चीकडे बघून तोंड गोड करावंसं वाटेना. ती आठ वर्षं मला परत नको होती.

गीतांजली हळू आवाजात म्हणाली, "काकू, ते लोक पुराव्याला फार मानतात. त्या काळच्या कापडाचा एखादा तुकडा जरी दाखवता आला ना, तरी मी त्यांच्याशी भांडेन."

तुकडा! मला एकदम प्रसादची कुंची आठवली. प्रसाद आमचा मुलगा, साठ सालचा जन्म. शालूबरोबर ब्लाउजचा खण आला होता, त्यातल्या उरलेल्या कापडाची मी त्याला कुंची शिवली होती. ती माझ्या पेटीत तळाशी होती. दर दिवाळीच्या साफसफाईला मी ती काढून कडक उन्हात वाळवते आणि परत ठेवते.

गीतांजलीला हॉलमध्ये बसवून मी आतल्या खोलीत पेटी उघडली. कुंची काढली. बघा, म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? स्वच्छ डाळिंबी! यांच्या नाकासमोर नेऊन धरावी असंही वाटलं. पण द्यायला तुकडा तर हवा, म्हणून कात्री घेऊन झालरीची शिवण उसवली. आत दुमडलेल्या कापडाला कधी ऊन लागलं नव्हतं.

आत वांगी रंग होता. नुकत्या तोडलेल्या वांग्यासारखा, चकचकीत.

दरवर्षी उन्हात घालून घालून मीच तो डाळिंबी केला होता, आणि तोच माझ्या डोळ्यांत बसला होता. आणि त्याच्या जोरावर मी या माणसाशी एवढी वर्षं भांडत होते! लाज वाटली. नंतर रागही आला, कोणावर ते कळेना, म्हणून ह्यांच्यावरच आला.

पेटी मिटली असती तर कुणाला कळणार होतं? पडले तरी माझं नाक वर, हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. पण दारातून गॅलरी दिसत होती. हे तसेच बसले होते, हात मांडीवर ठेवून.

मी त्या वांगी पट्टीतला दोन बोटं तुकडा कापला आणि गीतांजलीच्या हातात ठेवला.

"हे घे. सत्तावन्न सालचं रेशीम. बनावट नाही."

"काय लिहू, काकू?"

"खरं ते लिही. त्या काळच्या घरंदाज बाईच्या पोशाखाचं कापड आहे म्हणावं, याच्याशी जुळवूनच रंग दिलाय."

ती तोंडावर हात धरून हसायला लागली. "काकू, सिनेमातल्या बाईपेक्षा तुम्हीच डेंजर आहात."

"काकांना सांगशील तर याद राख," मी म्हटलं.

तुकडा कुरिअरने गेला. आठ-दहा दिवस मी यांना एक टोमणा मारला नाही. हे घाबरून विचारायला लागले, "बरं वाटत नाही का?" मग एका दुपारी गीतांजली धावत आली. वांगी मंजूर! वर त्या लोकांनी अस्सल नमुन्याबद्दल आभार मानले होते, आणि उरलेला पोशाख मिळेल का असं विचारलं होतं.

मी तिच्या कानात म्हटलं, "लिही, उरलेल्याचं पातेलं झालं."

सिनेमा पुरा झाला तेव्हा तिने आम्हाला ऑफिसात बोलावलं. मोठ्या टीव्हीसमोर खुर्च्या, सगळ्यांना वडापाव. हौसेरावांच्या सफारीतला चोर आला तेव्हा मी इतकी हसले की ठसका लागला. मग एक लांबच लांब जिना दिसला आणि वरून ती बाई उतरत आली. माझा शालू अंगावर घेऊन. मांडवात मी अशीच उतरले होते, मामाचा हात धरून, खाली मान घालून. काय गोड रंग होता हो! मला रडूच फुटलं.

मी यांचा हात धरला. "अहो, वांगीच होता."

यांनी माझ्याकडे बघितलं.

"कुंची उसवली मी. आत वांगी आहे. त्यातलाच तुकडा पाठवला अमेरिकेला. इतकी वर्षं उगीच भांडले तुमच्याशी."

यांनी वडापावचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "हं." एवढ्या वर्षांच्या भांडणाचा निकाल, आणि माणूस म्हणतो हं!

रविवारी सकाळी यांनी भिंतीवरून लग्नाचा फोटो उतरवला. काच काढली, जुन्या रंगांचा डबा उघडला, टेबलावर कापूस मांडला. मी भाजी निवडायचं नाटक करत समोरच बसले. आधी मुंडावळ्या झाल्या, मग यांचा कोट, मग माझ्या हिरव्या बांगड्या, एकेक करून. शालू तेवढा राहिला.

"कुठला देऊ?" यांनी विचारलं.

"आता का छळताय? सांगितलं ना, वांगी."

"ते कापड सांगतं. मी गिऱ्हाइकाला विचारतोय. डोळे मीट. लग्नातली तू कुठल्या शालूत दिसतेस तुला?"

मी डोळे मिटले. खोटं कशाला बोलू? "डाळिंबी," मी म्हटलं.

डोळे उघडले तर हे शालू भरत होते. पदर, निऱ्या, खांद्यावरची घडी, सगळा डाळिंबी. मी पदराने नाक पुसलं. तेवढ्यात यांनी हात लांब केला आणि ब्रश धुवायला शेजारच्या पाण्याच्या भांड्यात बुडवला.

"अहो!" मी किंचाळले. "दुधाचं पातेलं आहे ते!"

"माहितेय," म्हणाले, आणि ब्रश सावकाश ढवळत बसले. पातेल्यातलं पाणी डाळिंबी झालं होतं.