वीस हजारांचं कापड

जळबा खिल्लारेला विमा कंपनीत लागून सात महिने झाले होते, तेव्हा साखऱ्याच्या किसनसिंग राठोडचं कापडदुकान जळालं. ते शहात्तर साल. आगीच्या, अपघाताच्या विम्याच्या कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्या, नवी भरती झाली, त्यात डोंगरकड्याच्या जळबाचा नंबर लागला. त्याच्या घराण्यात पगारी नोकरीवर बसलेला तो पहिला. अजून कायम व्हायचा होता, आणि त्याची धास्ती त्याच्या मनातून जात नव्हती.

नुकसानीची पाहणी कशी करायची ते नांदेडच्या ऑफिसात औंढेकर साहेब शिकवायचे. त्यांनी पहिल्याच महिन्यात त्याला सरासरीचं कलम समजावलं होतं.

"माल वीस हजारांचा आणि विमा दहाचा, तर अर्ध्या मालाची जोखीम मालकानं स्वतःच्या डोक्यावर ठेवली असं धरायचं. मग नुकसानीचेही अर्धेच पैसे मिळतात. म्हणून मालाची किंमत नीट काढ. चारचौघांत विचारू नकोस, माणूस एकटा असला की खरं बोलतो. आणि ठोक व्यापाऱ्याच्या वहीत बघितल्याशिवाय लिहू नकोस."

जळबा साखऱ्याला पोचला तेव्हा किसनसिंग दुकानापुढं बाजेवर बसला होता. गावाजवळच्या तांड्यावरचा हा माणूस. आधी डोक्यावर गठ्ठा घेऊन गावोगाव कापड विकायचा, मग शिलाई मशीन घेतली, मग दुकान टाकलं. त्यानं जळबाला बाजेवर शेजारी बसवलं, बायकोकडून चहा मागवला.

"आग कशानं लागली, भाऊ?" जळबानं ऑफिसातली भाषा बाजूला ठेवून विचारलं. गावाकडच्या बोलीत बोललं की माणसं मोकळी होतात, हे त्याला कळलं होतं.

किसनसिंगनं मान खाली घातली. "माजीच चूक हाय, साहेब. कोळशाची इस्तरी कपड्यावर ठेवून जेवायला गेलो. दुसऱ्याचं नाव कशाला घेऊ? आता विमा मिळत न्हाई का?"

"मिळते. मुद्दाम लावली नसली म्हणजे झालं. चुकीसाठीच तर विमा असतो."

किसनसिंगचा चेहरा एकदम उजळला. जळबा उठून आत गेला. आठ कप्प्यांचं लाकडी कपाट, त्यातले पाच जळाले होते. राहिलेल्या तीन कप्प्यांतलं कापड त्यानं हातानं मोजलं. सगळं भरलेलं धरलं तरी माल दहा हजारांच्या वर जात नव्हता. विमाही दहाचाच होता. जळालेला माल सहा हजारांचा. हिशोब सरळ होता.

तेवढ्यात बाहेर दोन माणसं आली. त्यातला एक पलीकडच्या तांड्याचा नाईक, भावसिंग. त्याच्या मुलाशी किसनसिंगच्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. आग लागल्याचं ऐकून तो भावाला घेऊन भेटायला आला होता. किसनसिंग घाईनं उभा राहिला, पटका नीट केला.

जळबानं त्याच वेळी वही उघडली. थांबता आलं असतं. पाहुण्यांचा चहा होईपर्यंत गावात एक फेरी मारून येता आलं असतं.

"किसनसिंगभाऊ," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आग लागायच्या आधी दुकानात एकूण माल कितीचा होता?"

किसनसिंगनं भावसिंगकडं पाहिलं. मग म्हणाला, "असंल वीस हजारांचा."

"बराबर वीस?"

"वीसच्या खाली न्हाई."

जळबानं ते लिहिलं आणि त्याच्यापुढं वही धरली. किसनसिंगनं सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. हिंगोलीच्या ठोक व्यापाऱ्याकडं जळबा गेलाच नाही.

अहवालात त्यानं सरासरीचं कलम लावलं. सहाच्या जागी तीन हजार. वरच्या साहेबानं कागद पाहून मान हलवली. "कंपनीचे तीन हजार वाचवले तुम्ही." जळबाला त्या दिवशी बरं वाटलं होतं, हे तो पुढं कधी विसरू शकला नाही.

पंधरा दिवसांनी किसनसिंग कंपनीचं पत्र घेऊन नांदेडला आला. टेबलाच्या अलीकडं उभाच राहिला.

"साहेब, हे अर्धंच काहून?"

जळबानं कलम सांगितलं. किसनसिंगनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी आवाज खाली करून म्हणाला, "वीस हजार मी तोंडानं म्हणलो. पाहुणे बसले होते. तुमी आत जाऊन पाहिलं होतं नं कपाट? म्हणलं साहेबानं पाहिलंय, त्याला ठाऊक हाय."

पलीकडच्या टेबलावर औंढेकर साहेबांनी लेखणी खाली ठेवली. किसनसिंग गेल्यावर त्यांनी जळबाला एवढंच विचारलं, "व्यापाऱ्याची वही बघितलीस?"

"न्हाई."

"माल कितीचा वाटला होता तुला?"

जळबाचे कान तापले. "दहाचा."

"मग विसाचा आकडा कुणाचा? त्याचा का तुझा?" साहेबांनी लेखणी पुन्हा उचलली. "खोटं सांगितलं तर आपण माणसाचा विमा बुडवतो. तोच नियम आपल्याला नाही का?"

दुसऱ्या दिवशी जळबा हिंगोलीला गेला. व्यापाऱ्याच्या वहीत किसनसिंगची वर्षाची खरेदी होती, त्यावरून माल साडेनऊ हजारांचा निघाला. पण सही केलेला जबाब बदलायचा तर दोन पंचांसमोर नवा जबाब लागणार होता. म्हणजे किसनसिंगला आपला मोठेपणा खोटा होता हे चारचौघांत कबूल करावं लागणार. साखऱ्याला जाऊन ते सांगताना जळबाला त्याच्याकडं बघवेना.

"पंच म्हणून भावसिंगलाच बोलावतो," किसनसिंग म्हणाला. "दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं."

भावसिंग आला. गावातले जुने शिंपी रामजी आले. किसनसिंगनं खाली बघत सांगितलं की माल साडेनऊचाच होता, वीस हजार आपण उगाच बोललो. त्याची बायको गोजरबाई दारात उभी होती, ती आत निघून गेली.

भावसिंग हसला, पण वाईट हसला नाही. "मला काय ठाऊक न्हाई? ह्या एवढ्या कपाटात वीस हजारांचं कापड मावतं का? मी मनात म्हणलं, बोलू दे. पोरीचा बाप हाय." मग जळबाकडं वळून म्हणाला, "तुमी मातर फसलात, साहेब. नवे दिसता."

सगळ्यांनी ते मान्य केल्यासारखं केलं. जळबानंही मान हलवली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. नवा साहेब फसला, एवढंच लोक म्हणाले असते. त्यानं वही मिटली.

"मी फसलो न्हाई," तो म्हणाला. "मी कप्पे मोजले होते. माल दहाचा हाय हे मला ठाऊक होतं. तुमी आलात म्हणून मुद्दाम तवाच विचारलं. किसनसिंगभाऊ तुमच्यापुढं कमी सांगणार न्हाईत, हे मला कळत होतं."

रामजींनी चष्मा काढून पुसला. किसनसिंग म्हणाला, "इस्तरीचं मी तुमाला खरं सांगितलं होतं."

"व्हय."

"मंग?"

पंचांच्या सह्या घेऊन जळबा उठला. या खेपेला चहा झाला नाही, आणि कुणी त्याला थांब म्हणालं नाही.

जे घडलं ते त्यानं ऑफिसात तसंच लिहून दिलं. त्याचं कायम होणं सहा महिने लांबलं. किसनसिंगला पुरे सहा हजार मिळाले. पैसे घ्यायला तो आला तेव्हा त्यानं जळबाला रामराम केला, साहेब म्हणाला, आणि औंढेकर साहेबांशी बोलत उभा राहिला.

सोयरीक मोडली नाही. पुढच्या वैशाखात ऑफिसात लग्नाची पत्रिका आली. वर विमा कंपनीचं आणि औंढेकर साहेबांचं नाव होतं. साहेब म्हणाले, "चल माझ्याबरोबर." जळबानं कामाचं निमित्त सांगितलं आणि त्या दिवशी ऑफिसातच बसून राहिला.