नळ्यांवरचे ओरखडे

लष्करातून सुटून मी कुंडलला परतलो ते त्रेचाळीस साल. पलटणीच्या दूधखान्यात हवालदार असताना दूध तापवायचं यंत्र हाताळलं होतं. तसंच एक जुनं यंत्र मिळवून गावात दूधकेंद्र काढलं. तांब्याच्या आडव्या नळ्या एकाखाली एक बसवलेल्या. आतून गरम पाणी फिरायचं, बाहेरून दुधाची पातळ धार ओघळायची. ते दूध सांगलीच्या एका दवाखान्यात आजारी पोरांसाठी जायचं.

सहा महिने सुरळीत गेले. मग दुधाला करपट वास येऊ लागला. नळ्यांवर तपकिरी खरवड धरायची. दवाखान्यानं दोनदा कॅन परत पाठवले.

नळ्या घासायचं काम साळूबाईकडं होतं. नवरा गेल्यापासून तिचं घर याच कामावर चाललं होतं. मी तिच्यावरच घसरलो.

"अंग चोरतेस तू. उद्यापासून दुसरी बाई बघतो."

"आवं हवालदार, रोज वाळूनं घासतिया. हात बगा माजं."

मी बघितले नाहीत.

दुपारी कल्हईवाले रहिमानभाई आले. त्यांना मीच बोलावलं होतं. त्यांनी नळी उन्हात धरली, नख फिरवलं आणि म्हणाले, "बाईचा हात ढिला न्हाई, हवालदार. उलट लय कडक हाय. वाळूनं ओरखडं पडल्यात. त्यात दूध अडकतंय, करपतंय, आन् त्याच्यावर आजून दूध बसतंय. जेवडं घासाल तेवडं चिकटंल."

मग मान खाली घालून ते बोलले, "मागल्या खेपेला नळ्यांची कल्हई मीच पातळ दिली, म्हून ती वाळूनं लगीच निघाली. लढाईपायी कथील मिळंना. तुमाला सांगाया पायजे व्हतं."

हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. गप्प राहिले असते तर बोल साळूबाईवरच राहिला असता.

माझा तरीही पुरता विश्वास बसेना. रहिमानभाईंनी जवळचं उरलंसुरलं कथील वापरून सगळ्यात खालच्या, सगळ्यात तापणाऱ्या नळीच्या अर्ध्या भागाला कल्हई केली आणि कापसाच्या बोळ्यानं ती आरशासारखी गुळगुळीत केली. दुसऱ्या सकाळी दूध सोडलं. जुन्या अर्ध्यावर खरवड बसली. नव्या अर्ध्यावर नुसता पापुद्रा होता. साळूबाईनं ओलं फडकं फिरवलं आणि तो निघून आला.

ती वाकून नळीच्या तोंडातून आत बघत होती. म्हणाली, "आतनं बी इहिरीच्या पान्याचा खार धरलाय. म्हून तुमाला जाळ वाढवाय लागतोय. आमी घरी हंड्यात चिंचंचं पानी घालतो."

दिवसभर नळ्यांत चिंचेचं गरम पाणी ठेवलं. पांढऱ्या खपल्या सुटून आल्या, आणि पुढं निम्म्या जाळावर काम भागू लागलं.

पण बाकीच्या नळ्यांना कथील कुठून आणायचं? बाजारात ते नव्हतंच. चौथ्या दिवशी रहिमानभाई फडक्यात बांधलेली कथलाची वडी घेऊन आले. मुलीच्या, महेजबीनच्या लग्नातल्या भांड्यांसाठी जपून ठेवलेली.

"ही मी घेणार नाही," मी म्हणालो.

"पोरीनंच काढून दिलीया. म्हणली, आजारी लेकरांच्या पोटात जातंय त्ये."

मी साळूबाईला हाक मारली आणि केंद्रावरच्या सगळ्यांदेखत म्हणालो, "माझं चुकलं. तुझे हात मी बघायला पाहिजे होते."

तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि रहिमानभाईंकडं वळून म्हणाली, "भाऊ, खरं बोललासा. माजं घर ऱ्हायलं."

त्यानंतर एकही कॅन परत आला नाही. पुढं ईद आली तेव्हा साळूबाई शिरखुर्म्यासाठी दुधाची चरवी डोक्यावर घेऊन रहिमानभाईंच्या दारात गेली. मी मागं खारीक-खोबरं घेऊन उभा होतो. दार महेजबीननं उघडलं. "आवं, बाहेर का उभं? आत या की," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं आत गेलो.