सुईच्या आधी रंग

दादाला कुत्रं चावलं तेव्हा तो माणसांच्या दवाखान्यात गेला नाही, सरळ जनावरांच्या दवाखान्यात आला. त्याचं म्हणणं, तिकडे रांगेत उभं राहून पाय मोडतात आणि डॉक्टर मान वर करून बघतसुद्धा नाही. इथे निदान सख्खी बहीण आहे. हाताला मापाची टेप गुंडाळून, एक पिशवीतलं मांजर, एक बकरी आणि कान खाजवत बसलेली दोन कुत्री ओलांडून तो आत शिरला आणि बाकावर ऐसपैस बसला. शिंप्याचं दुकान समोरच्याच गल्लीत, त्यामुळे बसलेल्यांपैकी निम्मी माणसं ओळखीची. त्यांना त्याने हात वर करून दाखवला, जसं काही बक्षीसच मिळालंय.

त्याची ही धाकटी बहीण, सगळ्यांची ताई, तेव्हा एका बोक्याच्या घशात जंताची गोळी घालत होती. या दवाखान्यात औषध देणं, जनावर धरणं, नखं कापणं, फरशी पुसणं आणि मालकांची समजूत घालणं ही सगळी कामं तिच्याकडे. डॉक्टरबाई सुई आणि सुरी सांभाळायच्या, बाकीचं जग ताई सांभाळायची. ती एका जागी दोन मिनिटं बसलेली कुणी पाहिली नव्हती.

"अगंबाई, हे काय?" तिने बोक्याला मालकिणीच्या ओटीत टाकलं आणि दादाला मनगटाला धरून नळापाशी ओढत नेलं. टेप सोडली. अंगठ्याच्या बुडाशी दोन दात चांगले आत गेले होते. तिने नळ सोडला आणि साबण घेऊन हात चोळायला लागली.

"हळू! कपडा आहे का माझा हात?" दादा ओरडला. "एवढं काही झालं नाही. पट्टी बांध आणि सोड मला. शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय."

"पट्टी बांधायची नसते. धुवायचं आणि सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं. इंजेक्शनं घ्यायची."

"कशाला?" दादाने मान वळवून बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला. "कुत्र्याच्या कपाळावर निळा रंग आहे. माझ्या बहिणीने स्वतःच्या हाताने लावलेला. ज्याच्या कपाळावर हिचा रंग, ते कुत्रं पिसाळणार नाही म्हणजे नाही!"

बकरीवाल्याने मान डोलावली. ताईला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. गेल्या आठवड्यात दवाखान्याने गल्लोगल्ली फिरून रस्त्यावरच्या कुत्र्यांना रेबीजची लस दिली होती. लस दिलेलं कुत्रं ओळखू यावं म्हणून कपाळावर निळा पट्टा. ते काम ताईचं, आणि तेव्हापासून दादा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता ही हकीकत ऐकवत होता. लहानपणी बहिणीच्या नावाने खडे फोडणारा हा माणूस एकदम तिचा भाट झाला होता.

"कुठलं कुत्रं?" तिने सहज विचारलं.

"ती नाही का, चट्ट्यापट्ट्यांची. शेपूट अर्धी तुटलेली. पाव टाकायला गेलो तर हातच धरला सटवीने."

ताईच्या हातातला साबण निसटला. तिने खाली वाकून साबण शोधला, सापडला तरी शोधत राहिली.

लसीचा नियम साधा होता. एकाने जाळीत कुत्रं धरायचं, डॉक्टरबाईंनी सुई टोचायची, मग ताईने रंग लावायचा. सुई आधी, रंग नंतर, हे डॉक्टरबाईंनी पहिल्याच सकाळी बजावलं होतं. पण सुई टोचली की कुत्रं असं उधळायचं की रंग कुत्र्याला लागायचा सोडून ताईच्या साडीला लागायचा. पहिल्या दिवशी ती घरी गेली ती निळी होऊन. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या मनानेच क्रम बदलला. डॉक्टरबाई पाठ करून सुई भरत असायच्या, तेवढ्यात ही कपाळावर बोट फिरवून मोकळी. कुत्रं शांत, साडी स्वच्छ, काम झटपट. कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि ताईला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

मग ती तुटक्या शेपटीची आली. रंग लागला, आणि सुई येण्याआधीच जाळीच्या फाटक्या कोपऱ्यातून निसटली. जाळी धरणारा दुसऱ्या कुत्र्यामागे धावला, डॉक्टरबाई वळल्या तेव्हा समोर दुसरंच कुत्रं होतं. ताईच्या जिभेवर आलं होतं. पण पुढचं कुत्रं भुंकत होतं, ऊन चढत होतं, आणि संध्याकाळी पकडू की हिला, कुठे जातेय, असं तिने मनाशी ठरवलं. संध्याकाळी ती सापडली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर ताईची पाठ थोपटली. त्यानंतर तोंड उघडणं आणखी अवघड झालं.

"दादा, तू जा बरं दवाखान्यात. माझं ऐक," ती म्हणाली.

"तुझा रंग असताना?"

"असू दे रंग. उगाच खात्री म्हणून."

"म्हणजे तुझाच तुझ्या कामावर भरवसा नाही?" दादा हसला, हात झटकला आणि उठला. "उद्या लोक विचारतील, बहिणीनेच लस दिलेलं कुत्रं आणि हा भित्रा सुया टोचून घेतोय. माझं सोड, तुझी काय अब्रू राहील?"

तो गेला. ताई नळ बंद करायचा विसरली.

त्यानंतरचा तास तिने कसा काढला ते तिलाच माहीत. कुत्र्याचं खरजेचं औषध तिने बकरीवाल्याच्या हातात ठेवलं आणि तो दारापर्यंत पोचल्यावर धावत जाऊन परत हिसकावून घेतलं. एका पामेरियनची नखं कापताना रक्त काढलं. वजनकाट्यावर उभ्या केलेल्या कुत्र्याचं वजन वाचलं आणि विसरली, पुन्हा वाचलं आणि पुन्हा विसरली. मालकीण म्हणाली, "अहो ताई, बरं वाटत नाही का?" ताई म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" आणि लगेच त्या बाईची माफी मागितली.

शेवटी तिने चपला घातल्या आणि पाव घेऊन मागच्या गल्लीत गेली. तिला ती कुत्री बघायची होती. लाळ गळतेय का, झोकांड्या खातेय का, पाण्याला बघून दचकतेय का. गिरणीच्या जिन्याखाली ती सापडली. पोटाशी चार-पाच पिल्लं, अजून डोळे न उघडलेली. ताईला बघताच तिने दात दाखवले. पाव लांबून फेकला तर उठून खाल्ला, आणि पुन्हा पिल्लांवर जाऊन पडली.

ताईचा जीव भांड्यात पडला. पिल्लांची आई ती, चावणारच की! हा मेला दादाच तिच्या पिल्लांपाशी हात घालायला गेला असेल. आजारी बिजारी काही नाही, चांगली धडधाकट आहे. आता कुणाला काही सांगायची गरज नाही. आपण डॉक्टरबाईंना म्हणू, एक कुत्री राहून गेलीय, तिला लस देऊन टाकू. संपलं. ती गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत हे सगळं पटलेलं होतं, आणि दवाखान्याच्या पायरीपाशी आली तेव्हा त्यातलं काहीही पटत नव्हतं. आज धडधाकट दिसणारं कुत्रं चार दिवसांनी पिसाळलेलं तिने याच दवाखान्यात पाहिलं होतं. आणि एकदा तो आजार माणसाच्या अंगात उभा राहिला की पुढे कुणाच्याच हातात काही उरत नाही. हे ती स्वतः रोज लोकांना घसा फोडून सांगायची.

डॉक्टरबाई हात धूत होत्या. वयाने ताईच्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण बोलणं तोफेसारखं.

"बाई, एक विचारू? समजा, रंग लावलेलं कुत्रं कुणाला चावलं तर?"

"तर दवाखान्यात जायचं. रंग असो नाहीतर नसो. किती वेळा सांगितलं मी लोकांना! रंग आपल्यासाठी आहे, लोकांना बिनधास्त व्हायला नाही."

"आणि समजा, रंग आहे पण सुई नाही?"

डॉक्टरबाईंचे हात थांबले. "असं कसं होईल? सुई आधी, रंग नंतर. तसंच करतो ना आपण?"

ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. साडी, जाळी, तुटकी शेपूट, दादाचा अंगठा, जिन्याखालची पिल्लं. मध्ये श्वास घेतला तर हिंमत सरेल अशी भीती तिला वाटत होती.

डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "अशी एकच ना?"

"एकच. देवाशपथ एकच."

"पिल्लांची आई चावते, हे खरं. पण त्यावर तुमच्या भावाचा जीव टांगायचा का? मी त्या कुत्रीला पिल्लांसकट इथे आणते आणि डोळ्यांसमोर ठेवते. तुम्ही अजून इथे काय उभ्या आहात?"

ताई पळाली.

दुकानात दोन बायका माप द्यायला उभ्या होत्या. दादा सांगतच होता, "आणि कपाळावर बघितलं तर हिचा रंग! म्हटलं, आता कसली काळजी—"

"दादा, त्या कुत्रीला लस दिलेली नाही."

मशीन थांबलं. "काय?"

"रंग लावला, आणि ती सुईच्या आधी पळाली. मी कुणाला सांगितलं नाही. माझी चूक आहे. ऊठ."

दादाचा चेहरा उतरला. रागावेल, बायकांसमोर वाट्टेल ते बोलेल, याची तिने तयारी केली होती. तसं काही झालं नाही. तो हातातल्या बाहीकडे बघत राहिला. मोठ्या भावाला असं एकदम म्हातारं झालेलं बघून तिला रडू यायला लागलं. लोकांत इतकी वर्षं त्याने मिरवावं असं घरात काही नव्हतं. एक बहिणीचं काम होतं, आणि ते तिने आत्ता भर दुकानात त्याच्या हातातून काढून घेतलं होतं.

"दादा, ऊठ ना रे. मला नंतर काय म्हणायचं ते म्हण."

"माझं सोड," दादा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "दूधवाल्याचं काय करायचं?"

"कुठला दूधवाला?"

"आपल्याकडे येतो तो. त्याच्या पोटरीला परवा हीच चावली. सकाळी मला सांगत होता." दादा बाही घडी करायला लागला, पुन्हा उलगडली. "मी म्हटलं, निळा रंग होता ना? मग घरी जा आणि हळद लाव."

एक बाई हळूच दुकानाबाहेर सटकली. आतापर्यंत एका माणसापुरती असलेली गोष्ट तिच्या पाठीमागे गल्लीभर फिरून आली होती, आणि अजून कुठे कुठे गेली असेल ते कोण सांगणार?

दूधवाला चौकाच्या पलीकडे, घराच्या अंगणात कॅन विसळत होता. दोघांना धापा टाकत आलेलं बघून त्याला वाटलं, दूध नासलं. ताईने तिसऱ्यांदा तेच सगळं सांगितलं. तिसऱ्या वेळेला सोपं जाईल असं तिला वाटलं होतं; गेलं नाही.

दूधवाल्याने पायजमा वर करून पोटरी बघितली. जखमेवर पिवळी खपली धरली होती. "मी निघालोच होतो की हो," तो म्हणाला. "गाडी चालू केली होती. दादाच म्हणाले, उतर खाली."

"मीच म्हणालो," दादा म्हणाला.

"मी रंग लावला म्हणून तो म्हणाला," ताई म्हणाली. "त्याला काही बोलू नका."

"तुमचं भावाबहिणीचं नंतर बघू. मला काय होईल ते सांगा."

ताईने तोंड उघडलं. रोज पन्नास जणांना जे ती घडाघडा सांगायची त्यातलं एक अक्षर बाहेर येईना. "आत्ता गेलो तर काही होणार नाही," ती शेवटी म्हणाली. "पण आत्ता."

रिक्षात तिघं कशीबशी मावली. दोघांनी ताईला वाटभर बोलून घेतलं, मग एकमेकांना बोलून घेतलं. रिक्षावाला सिग्नलला थांबला तेव्हा ताई त्याच्यावर खेकसली, आणि दादाने तिच्या गुडघ्यावर न चावलेला हात ठेवला.

मोठ्या दवाखान्याच्या खिडकीशी परिचारिका बसली होती. तिने मान वर न करता विचारायला सुरुवात केली. कुठे चावलं, कधी चावलं, धुतलं का. मग म्हणाली, "कुत्र्याला लस दिलेली होती?"

दादाने ताईकडे बघितलं. दूधवाल्यानेही बघितलं. सगळं ऐकून, वाटभर भांडूनसुद्धा दोघांच्या डोळ्यांत अजून तिच्यावरचा तोच भरवसा होता. ती हो म्हणाली असती तर दोघांनीही आनंदाने मानलं असतं आणि त्याच रिक्षाने घरी गेले असते. आपल्या शब्दाला एवढं वजन आहे हे ताईला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि ते वजन तिला सोसवेना.

"नाही," ती म्हणाली. "नव्हती दिली."

परिचारिकेने आतल्या खोलीकडे बोट केलं. दूधवाला आधी गेला, आणि दादा बाहेर उभ्या बहिणीकडे एकदाही वळून न बघता त्याच्या मागे गेला.