जपूनरावांची चार चाकं

जपूनराव हे नाव त्यांना गावाने दिलं आणि त्यांनी ते कमावलंही. नवी छत्री भिजू नये म्हणून हा माणूस ती काखेत धरून पावसातून चालायचा. चारही चाकांना जोर लागणारी जुनी जीप त्यांनी घेतली, तेव्हा आम्हाला वाटलं आता सुधारतील. कसलं काय, जित्याची खोड.

त्या सकाळी ओढ्यापलीकडच्या गोठ्यात त्यांची गाय अडली. वासराचा एकच पाय बाहेर आला होता. वहिनींनी गुरांच्या डॉक्टरांना जीपमध्ये बसवलं, मागे त्यांची बॅग मांडीवर घेऊन मी. ओढा कमरेएवढा भरला होता.

"अहो, चारही चाकं लावा," काठावर पोचताच गाडीतूनच वहिनी म्हणाल्या.

"दोनांत भागतंय तर चार कशाला झिजवायची? अडलं तर लावू."

"अडल्यावर लावायला ते काय मलम आहे?"

जपूनरावांनी गाडी घातलीच. मधोमध मागची चाकं गाळात जागच्या जागी फिरायला लागली. त्यांनी ऐटीत चारही चाकं लावायचा आतला दांडा ओढला. गाडी ढिम्म. मग त्यांचा चेहरा उतरला. तो दांडा लागू व्हायला पुढच्या दोन्ही चाकांवरचे खटके आधी खाली उतरून हाताने फिरवावे लागतात, आणि ते आता पाण्याखाली होते.

"उशीर झाला तर दोघंही जातील," डॉक्टर म्हणाले. पाण्याला ओढ होती आणि त्यांना पोहता येत नव्हतं, नाहीतर ते केव्हाच उतरले असते.

जपूनरावांनी चपला काढून सीटवर ठेवल्या, भिजू नयेत म्हणून, आणि वहिनींना स्टीअरिंगवर बसवून स्वतः उतरले. एका बाजूला बुडी मारली, वर येऊन थुंकले, दुसऱ्या बाजूला मारली. शेवटी हात वर केला.

वहिनींनी पहिल्या गिअरात, घाई न करता गाडी बाहेर काढली, आणि काठावर न थांबता तशीच गोठ्याकडे घेतली.

"वहिनी, ते राहिले," मी म्हणालो.

"ते अडलेले नाहीत भाऊजी. गाय अडलीय."

डॉक्टरांनी हात घालून वासराचा दुमडलेला पाय सरळ केला. कालवड जमिनीवर आली, शिंकली, आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात जपूनराव दारात पोचले, नखशिखांत निथळत, दात वाजवत.

वहिनी टॉवेल घेऊन उठल्या. जपूनरावांनी हात पुढे केला.

"तुम्ही उन्हात उभे राहा," वहिनी म्हणाल्या आणि कालवड पुसायला लागल्या.