दिपमालाचा पाय आणि सरांचा चषक

मी एक जुना बास्केटबॉल आहे. भडगावच्या एका शाळेत, क्रीडासाहित्याच्या खोलीत, फाटक्या जाळीत पडून असतो. माझ्यावरचे दाणे झिजले आहेत, नारिंगी रंग जाऊन मी मातकट झालो आहे. त्याचे मला दुःख नाही. वापरलेला चेंडू झिजणारच. पण मित्रांनो, या खोलीचे दार उघडून भदाणे सर आत आले की मला अजूनही किळस येते. का, ते ऐका.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. रबरी फुग्यावर दोऱ्याचे वेढे दिले, वर जाड रबराच्या पट्ट्या चिकटवल्या, गरम साच्यात दाबले आणि मी तयार झालो. भडगावला पोचलो तेव्हा संस्थेचे अध्यक्ष तोताराम आबा यांनी माझ्यासोबत फोटो काढून घेतला. त्यांनी मला कलिंगडासारखे काखेत धरले होते. फोटो झाल्यावर त्यांनी रुमालाने हात पुसले. आबांविषयी माझे मत त्या दिवशीच बनले. ते बदलावे असे त्यांनी पुढे काही केले नाही.

भदाणे सर आमचे क्रीडाशिक्षक. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि पोट इतके सुटलेले, की बुटाची नाडी बांधायला ते मुलांना सांगत. मैदानाला एक फेरी मारतानाही मी त्यांना कधी पाहिले नाही. पण "थकवा हा मनाचा आजार आहे," असे ते दिवसातून अनेकदा म्हणत.

आमच्या मुलींच्या संघात दिपमाला होती. नववीतली, उंच, हडकुळी, लांब बोटांची. गिरणा नदीकाठच्या एका खेड्यातून ती सायकलने यायची. सकाळी उपाशीपोटी सराव, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा सराव, आणि पुन्हा सायकल. तिच्या हातून मी सुटलो की कडीला न लागता जाळीत उतरायचो. असा हात मला परत मिळाला नाही.

उंच मुलगी सापडली म्हणताच सरांच्या तोंडाला पाणी सुटले. त्यांनी तिला हँडबॉलमध्येही घातले, धावण्याच्या शर्यतीतही घातले. बास्केटबॉलमध्ये जिल्ह्याचा चषक आला. वर्तमानपत्रात फोटो छापून आला. त्यात चषक आबांच्या हातात, आबांचा खांदा सरांच्या हाताखाली, आणि दिपमालाचा अर्धा चेहरा कोणाच्या तरी फेट्यामागे.

आता धुळ्याला विभागीय सामने होते. हरला तो घरी, जिंकला तो पुढे राज्याला. सराव वाढला. आणि मला तिच्या हातात फरक जाणवू लागला. पकड सैल झाली होती. मी कडीपर्यंत पोचेना. उडी मारून खाली आली की ती डोळे घट्ट मिटायची.

एके दिवशी तिने धीर करून सांगितले, "सर, नडगी दुखतेय. रात्री झोपही लागत नाही."

"स्प्रे मार," सर मोबाईलवरून नजर न काढता म्हणाले. "चॅम्पियनला दुखत नसतं."

तिचे वडील हिलालभाऊ तिला न्यायला आले होते. लेकीचे नाव पेपरात आल्यापासून त्यांची मान ताठ झाली होती. ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "आते थोडाच दिन राह्यनात, बेटा. मंग आराम कर." तेव्हा मला त्यांचाही राग आला.

धुळ्याला सामन्याआधी सरांनी मला दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिले. हवा जरा कमी वाटली तर लगेच पंप मागवला. मुलींपैकी एकीच्याही पायाला त्यांनी हात लावून पाहिला नाही. वॉर्मअप झाल्यावर मला जाळीत घालून बाकाखाली ठेवले. तिथून मी सगळे पाहिले.

सकाळी उपांत्य सामना झाला आणि दुपारच्या उन्हात लगेच अंतिम सामना. मधल्या वेळेत मुलींना वडापाव मिळाला. आबा आणि सर पाहुण्यांच्या मांडवात जेवले. श्रीखंड होते, हे मला सरांच्या मिशीवरून कळले.

अंतिम सामना बरोबरीत चालला होता. दिपमाला कडीला आपटून परतणारा चेंडू पकडायला उडाली, खाली आली आणि जमिनीवरच बसली. कोणी धक्का दिला नव्हता. पाय नुसता दुमडला. तिला दोन मैत्रिणींनी उचलून बाकावर आणले. तिच्या ओठांवरचा रंग गेला होता.

सरांनी घड्याळ पाहिले. "शेवटचा डाव शिल्लक आहे. पाणी पी आणि उतर."

ती उठायला लागली. मित्रांनो, ती खरोखर उठायला लागली! इतकी भीती त्या माणसाने तिच्यात भरली होती.

तेवढ्यात कॅप्टन हेमांगी आडवी आली. "सर, ती येणार नाही. तिला उभंही राहता येत नाहीये."

"कोच तू आहेस की मी?"

"कोच तुम्हीच आहात. पण तिला उतरवलंत तर मीही उतरणार नाही."

सरांचा चेहरा लाल झाला. इतक्यात सामना पाहायला आलेले हिलालभाऊ कठड्यावरून उडी मारून धावत आले. सरांना हायसे वाटले. आपला माणूस आला, असेच त्यांना वाटले असणार. "भाऊ, तुम्हीच सांगा हिला. थोड्या वेळाचा प्रश्न आहे. राज्याला जायचंय!"

 हिलालभाऊ लेकीसमोर खाली बसले आणि तिचा मोजा उतरवला. नडगीवर सूज चढली होती. त्यांनी बोट टेकवताच दिपमाला किंचाळली.  मग दिपमालाला त्यांनी लहानपणी घ्यायचे तसे उचलून घेतले.

"मनी पोर घर जाई राह्यनी, सर," ते वाटेला लागत म्हणाले. "राज्य जिंकणं शे ना? मंग तुम्हीच उतरा."

सर उतरले नाहीत. शिट्टी तोंडात धरून नुसते उभे राहिले. बदली खेळाडू घेऊन मुली जिवाच्या आकांताने लढल्या आणि थोडक्यात हरल्या. आबा जेवण उरकून आधीच भडगावला परतले होते आणि स्टँडवर त्यांनी बँड तयार ठेवला होता. निकाल कळताच त्यांनी बँड परत पाठवला आणि मुली बसमधून उतरायच्या आत आपल्या गाडीत बसून निघून गेले.

डॉक्टरांनी सांगितले, हाडाला बारीक चीर आहे, आणखी काही उड्या मारल्या असत्या तर हाड मोडले असते. हे हेमांगीने मैदानावर सगळ्यांना सांगितले. त्याच आठवड्यात परिपाठाला सर म्हणाले, "काही मुलींनी ऐन वेळी कच खाल्ली."

पुढच्या हंगामात मात्र त्यांना दिपमालाची आठवण झाली. पाय बरा झाल्याचे कळताच ते गोड आवाजात म्हणाले, "येशील ना, बेटा?"

ती म्हणाली, "येईन. पण दिवसातून एकदाच सराव करीन, आणि दुखलं की बसेन." सर हसले. मग त्यांनी तिच्यामागे पाहिले. हेमांगी उभी होती, आणि सगळा संघ उभा होता. कोणीच हसत नव्हते. सरांना मान्य करावे लागले, कारण त्यांच्याकडे दुसरा संघच नव्हता.

आता ऐका खरी गंमत. सर हल्ली इतर शाळांमध्ये व्याख्यान देतात. विषय : 'खेळाडू आणि विश्रांती'. या खोलीत येऊन, दार लावून ते त्याची तालीम करतात. "मी नेहमीच म्हणत आलोय," अशी सुरुवात करतात, आणि मला जाळीत असल्यामुळे कान झाकता येत नाहीत.

मित्रांनो, एखाद्या दिवशी ते तुमच्याही शाळेत येतील. त्यांचे भाषण जरूर ऐका, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पुरेशी झोप घ्या. पोटभर खाऊन खेळा. दुखले तर लगेच सांगा, आणि दुखऱ्या पायावर कोणासाठीही उडी मारू नका. भाषण संपल्यावर टाळ्याही वाजवा. फक्त हे सरांना कोणी शिकवले, असे कोणी विचारले, तर दिपमालाचे नाव सांगा.