पिंपळमाळच्या गिरणीवरचा फळा

मित्रांनो, मी फळा. काळा म्हणवत नाही, कारण पिठानं पार पांढरा पडलोय. आंबवड्यावरून आत डोंगराकडं जी वाट जाते, तिच्या टोकाला पिंपळमाळ नावाची वाडी आहे. तिथल्या गीताबाईंच्या पिठाच्या गिरणीवर मी लटकतो.

मी फणसाच्या लाकडाचा. शाळेतली पोरं टॉर्चच्या जुन्या सेलमधला काळा भुगा आणि घोसाळ्याचा पाला चोळून मला काळाभोर करायची. तीस वर्षं बाराखडी, पाढे आणि साहेबांची स्वागतं अंगावर घेतली. मग शाळेत चकचकीत पडदा आला आणि मला कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलं. माझ्या पाठीवर चोचींचे टोचे अजून आहेत. तीस वर्षांच्या नोकरीचं हे बक्षीस!

तिथून गीताबाईंनी मला सोडवलं. बाई चौथी शिकलेल्या, पण दळणाच्या पिशवीतून आलेला कागदाचा चिटोरासुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाहीत. रोज सकाळी गिरणीचा पट्टा चढवायच्या आधी माझ्यावर तारीख टाकायची आणि खाली मनाला येईल ते लिहायचं. 'जिराफाच्या मानेत माणसाइतकीच सात हाडं. तरी त्याची मान ताठ. आपली?' आठ मार्चला लिहिलं, 'आजच्या दिवशी १९४८ साली भोर संस्थान विलीन झालं. राजा गेला, वशिला राहिला.' दळणाच्या रांगेतली माणसं वाचायची, हसायची, भांडायची. आणि बाईंनी सगळ्यांना शब्द देऊन ठेवलेला, "माज्या फळ्यावर एक जरी खोटं निघालं, तर त्याच दिवशी त्याला चुलीत घालीन." मला कुणी विचारलं होतं? नाही.

यंदा वीस मार्चला बाईंनी लिहिलं, '२० मार्च १९२७ : बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. २० मार्च २०१४ : आपल्या टाकीचं उद्घाटन. पाणी अजून यायचंय.'

रांगेत फुलाबाई होती. सत्तरी ओलांडलेली म्हातारी, गुडघे धरत रोज खालच्या विहिरीवरनं दोन खेपा आणते. तिनं ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "लिव्हलं बाई कुनीतरी."

दुसऱ्या दिवशी सावळाराम आला. पंचायतीचा सदस्य, आणि टाकी बांधणारा त्याचाच मेव्हणा.

"गीताबाई, उद्घाटन वीसला नव्हतंच. नारळ म्या फोडलाय. खोटं लिव्हलंय तुमी. पेटवा चूल."

"मग कवा झालं?"

"ते काय ध्यानात न्हाई. पन वीसला न्हाई."

"नारळ ध्यानात हाय आन् तारीख न्हाई व्हय रं?" फुलाबाई म्हणाली. "खोबरं लई गोड लागलं असंल."

रांग खदखदून हसली. बाई मात्र हसल्या नाहीत.

"उद्या येतो," सावळाराम म्हणाला. "तवा फळा भिंतीवर दिसाय नको."

मला तर चूलच दिसायला लागली. बाई शब्दाच्या पक्क्या!

त्यांनी गिरणी बंद केली, विळा घेतला आणि फुलाबाईला घेऊन टाकीकडं गेल्या. कोनशिलेवर चुन्याचे तीन थर चढवलेले. तासभर खरवडलं तेव्हा कुठं अक्षरं उघडी पडली. २२ मार्च २०१४. सावळाराम खरा निघाला!

हे सगळं मला गिरणीच्या दारात कळलं, दोघी परत आल्या तेव्हा.

"कुनाला सांगू नगं गीता," फुलाबाई कुजबुजली. "आपुन दोघीच तर हुतो."

"आत्या, मग माज्यात आन् त्याच्यात फरक काय राह्यला?"

बावीसच्या सकाळी बाईंनी मला ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलं. मी म्हटलं, संपलं. पण त्यांनी खडू उचलला आणि कधी नव्हे एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, 'परवा मी तारीख चुकले. टाकीचं उद्घाटन २२ मार्चला झालं. सावळारामभाऊ बरोबर आहेत. आज २२ मार्च. आज जगभर जलदिन पाळतात. आपली टाकी याच दिवशी कोरडी उघडली आणि अजून कोरडी आहे.'

सावळाराम आला. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. "ही नवी भानगड कशाला? शब्द दिलाय ना? घाला चुलीत!"

"भाऊ," बाई शांतपणे म्हणाल्या, "खोटं मानूस लपवतं. माजी चूक म्या भिंतीवर टांगली. तुमची तारीख चुन्याखाली हुती. चुलीत काय घालायचं ते आता तुमीच सांगा."

त्यानं तेच फडकं उचललं. रांगेतल्या बाया एकदम उठल्या. माझ्यापुढं दळणाचे डबे ओळीनं मांडले आणि त्यामागं उभ्या राहिल्या.

"लाव, हात लाव," फुलाबाई म्हणाली.

तो गेला. त्या दिवसापासून बाकीचा फळा रोज पुसला जातो, टाकीची ओळ तेवढी कोपऱ्यात तशीच राहते. खडू फिका पडला की बाई ती पुन्हा गिरवतात.

मित्रांनो, जुन्या फळ्याला जपा म्हणून मी रडत बसणार नाही. मला ऊन लागतंय, वाळवी लागेल, ते माझं मी बघून घेईन. तुम्ही माझ्यावरचं खरं जपा. आणि तुमच्या गावात कुणी सावळाराम असेल, तर त्याला माझा निरोप द्या. फळा पुसण्यासाठीच असतो बाबा, ती ओळ जायची वाट मीही बघतोय. पण फडकं घेऊन येऊ नकोस. टाकीत पाणी सोड. गीताबाई स्वतः पुसतील, त्याच पाण्यानं.